ऐंशी चौरस मीटरमागे एक झाड

शहरात नवी वसाहत उभी राहते तेव्हा तिच्या नकाशात घरे, रस्ते आणि वाहनतळ यांच्याबरोबर झाडांचीही जागा दाखवावी लागते, आणि ती झाडे किती, कोठे व कोणत्या जातींची असावीत हे सांगणाऱ्या नियमांना नगररचनेच्या परिभाषेत लागवडीचे निकष म्हणतात. चटई क्षेत्राचे किंवा इमारतीच्या उंचीचे नियम ज्या बारकाईने वाचले जातात त्या बारकाईने हे निकष कोणी वाचत नाही, कारण त्यांच्यात विकासकाचा नफा दडलेला नसतो आणि घर घेणाऱ्याला ते माहीत नसतात. तरीही जयपूरसारख्या शहरात, जेथे वर्षाचा सरासरी पाऊस ६०० मिलिमीटरच्या आसपास असून तो बहुतांशी जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत पडून जातो, उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि जमिनीखालचे पाणी वर्षानुवर्षांच्या उपशाने खोल गेले आहे, तेथे पुढची पन्नास वर्षे माणसांना सावली मिळणार की नाही हे याच दुर्लक्षित कलमांवर ठरते. त्यामुळे ही कलमे नेमके काय मोजतात आणि काय मोजायचे सोडून देतात, हे तपासणे अगत्याचे आहे.

जयपूर हे मुळातच मोजमापावर उभे राहिलेले शहर आहे. सवाई जयसिंहांनी १७२७ साली त्याची पायाभरणी केली आणि विद्याधर भट्टाचार्य यांच्या देखरेखीखाली ते चौकोनी विभागांत, म्हणजे स्थानिक भाषेत चौकड्यांत, आखले गेले. मुख्य रस्ता १११ फुटांचा आणि त्याखालचे रस्ते क्रमाने साधारण निम्म्या रुंदीचे, अशी त्यामागची शिस्त होती. ज्या राजाच्या पदरी सम्राट जगन्नाथांसारखा महाराष्ट्रीय ज्योतिषी होता आणि ज्याच्या आश्रयाने युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात उतरली, त्याच्या राजधानीची आखणी अशी काटेकोर असावी हे स्वाभाविकच होते. मात्र या आखणीत झाडांचे स्थान आजच्यापेक्षा वेगळे होते. तटबंदीच्या आतल्या बाजारपेठांत सावली देण्याचे काम प्रामुख्याने इमारतींचे होते, ओसऱ्यांचे, छज्जांचे आणि हवेल्यांच्या आतल्या चौकांचे. झाडांसाठी मात्र जमीन स्वतंत्रपणे राखली जाई आणि ती पाण्याजवळची असे. राजवाड्याच्या चौकडीतली जयनिवास बाग तालकटोरा तलावाला लागून आहे, १७२८ ची सिसोदिया राणीची बाग आणि विद्याधरांच्या नावाची बाग या दोन्ही आग्र्याच्या वाटेवर, डोंगरांच्या घळीत, जेथे पावसाचे पाणी उतरून येते तेथे आहेत, आणि चौपडींवर, म्हणजे मुख्य रस्त्यांच्या चौकांत, पाण्याची कुंडे होती. २०१९ साली युनेस्कोने ज्या नगररचनेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तिच्यात झाड हे सजावटीचे अंग नव्हते. जमीन, पाणी आणि बाग यांचा हिशेब तेथे एकत्र मांडला जाई. सवाई रामसिंहांनी १८६८ मध्ये तटाबाहेर रामनिवास बाग केली तीही एकसंध, मोठ्या क्षेत्राची सार्वजनिक बाग म्हणूनच.

विसाव्या शतकात शहर तटाबाहेर पसरले तेव्हा हा हिशेब बदलला. मिर्झा इस्माइल हे १९४२ ते १९४६ या काळात जयपूर संस्थानचे दिवाण होते, आणि त्यांच्या काळात आकाराला आलेल्या सी-स्कीमसारख्या वस्त्यांत प्रत्येक बंगल्याभोवती मोकळी जमीन सोडण्याची पद्धत आली, ज्यामुळे कडुनिंब, शिरीष, पिंपळ अशी मोठी झाडे खाजगी आवारात वाढली. पुढे १९८२ च्या कायद्याने जयपूर विकास प्राधिकरण स्थापन झाले, भूखंड योजना आखल्या गेल्या, आणि गेल्या दोन-तीन दशकांत भूखंडाची जागा बहुमजली गृहसंकुलाने घेतली. बंगल्याचा मालक आपले झाड स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या हौसेने लावत होता. संकुलातले झाड मात्र नियमामुळे लावले जाते. म्हणूनच नियमाची भाषा महत्त्वाची ठरते.

त्या भाषेतले सर्वांत प्रचलित वाक्य केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ९ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेत आहे. भूखंडाच्या प्रत्येक ८० चौरस मीटरमागे किमान एक झाड लावून ते जोपासावे, आवारात आधीपासून असलेली झाडे या संख्येत धरावीत, देशी जातींना प्राधान्य द्यावे, आणि जे झाड तोडणे अटळ असेल त्याच्या बदल्यात तीन झाडे लावावीत, असे ती सांगते. या अधिसूचनेचा काही भाग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पुढच्या वर्षी रद्द ठरवला, तरी झाडांविषयीच्या या अटी मोठ्या प्रकल्पांना मिळणाऱ्या पर्यावरणीय मंजुरीत आजही लिहिल्या जातात; २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेनुसार अशी मंजुरी घ्यावीच लागते. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा आकडा परका वाटणार नाही, कारण मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतही, ज्या भूखंडाची विभागणी करावी लागत नाही त्यासाठी ८० चौरस मीटरला एक झाड हेच प्रमाण होते. समुद्रकाठच्या, दोन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाच्या मुंबईसाठी आणि वाळवंटाच्या उंबरठ्यावरच्या जयपूरसाठी एकच आकडा कसा योग्य ठरेल, हा प्रश्न येथेच विचारायला हवा.

या आकड्याचे गणित मांडून पाहिले की त्याचा खरा स्वभाव कळतो. एक हेक्टर भूखंडाला या प्रमाणाने १२५ झाडे लागतात. नीट वाढलेल्या कडुनिंबाच्या छत्राचा, म्हणजे फांद्यांच्या घेराचा, व्यास १० मीटर धरला तर त्याखाली सुमारे ७९ चौरस मीटर जमीन येते. याचा अर्थ असा की १२५ खरीखुरी मोठी झाडे लावली आणि ती सगळी वाढली तर त्या हेक्टरभर जमिनीवर इमारतीसकट सावलीचे एकच छप्पर होईल. इमारत, रस्ते, अग्निशमन बंबासाठी सोडायची वाट आणि वाहनतळ वजा केल्यावर उरणाऱ्या पट्ट्यांत एवढी झाडे मावणे शक्यच नसते, आणि म्हणून आकडा भरण्यासाठी अशी झाडे निवडली जातात जी कधीच मोठी होणार नाहीत: संरक्षक भिंतीला लागून दीड-दोन मीटरवर एक याप्रमाणे उभे केलेले अशोकाचे सरळसोट खांब, प्रवेशद्वाराजवळची बाटलीच्या आकाराची ताडाची झाडे, कुंडीवजा खड्ड्यांतली शोभेची रोपे. नियमाच्या दृष्टीने बॉटल पाम हेही एक झाड आणि वडही एक झाड. जो निकष या दोघांत फरक करत नाही तो झाडे वाढवत नाही, बुंधे मोजतो. आणि मोठी संख्या मागून लहान झाडांना उत्तेजन देणारा हा नियम, हेतू कितीही चांगला असला, सावलीच्या विरोधात काम करतो असेच म्हणावे लागेल.

दुसरी आणि अधिक गंभीर उणीव झाडाच्या पायाखाली आहे. आजच्या संकुलात वाहनतळाचे तळघर बहुधा इमारतीपुरते मर्यादित राहत नाही, ते भूखंडाच्या कडेपर्यंत पसरलेले असते, आणि वर जी बाग दिसते ती वास्तविक एका छपरावर पसरलेली मातीची चादर असते. अशा जागेला पोडियम म्हणतात. हिरवळीला एक फूटभर माती पुरते, झुडपाला दोन फूट लागतात, पण मोठ्या झाडाला किमान एक ते दीड मीटर खोलीची माती हवी. ओल्या मातीचे वजन घनमीटरला दोन टनांच्या घरात जाते, तर राहत्या खोलीच्या जमिनीवर येणारा वापराचा भार चौरस मीटरला २०० किलो धरून आराखडा केला जातो. म्हणजे झाडासाठीची माती पेलायची तर तो स्लॅब घराच्या जमिनीपेक्षा दसपट भारासाठी बांधावा लागेल, आणि हा खर्च टाळण्यासाठी मातीचा थर पातळ केला जातो. मुळे अडली की झाड खुरटते, वादळात कलते, किंवा आठ-दहा वर्षांत स्लॅबच्या गळतीचे कारण ठरवून काढून टाकले जाते. जे तळघराबाहेर खऱ्या जमिनीत असते त्याचीही अवस्था बरी नसते, कारण बांधकामाच्या काळात त्या जागेवरून अवजड यंत्रे फिरून माती दगडासारखी दबलेली असते आणि खड्ड्यात वाळू, सिमेंटचा चुरा व विटांचे तुकडे भरलेले असतात. पायाखोदाईपूर्वी वरचा २० सेंटिमीटरचा सुपीक थर काढून वेगळा साठवावा आणि लागवडीच्या वेळी तोच परत वापरावा, अशी अट पर्यावरणीय मंजुरीत असते. मातीविषयीची ही एवढीच समंजस तरतूद, पण काम पूर्ण झाल्यावर तो थर परत आला की नाही हे पाहण्याची सोय नाही. उलट त्याच २०१६ च्या अधिसूचनेत, मनोरंजनासाठी राखलेल्या मोकळ्या जागेपैकी किमान २० टक्के भाग फरसबंदीविना असावा असे म्हटले आहे, ज्याचा दुसरा अर्थ असा होतो की मुलांच्या खेळण्याच्या जागेचा ८० टक्के भाग पेव्हर ब्लॉकने झाकला तरी नियम पाळलाच गेला.

या बाबतीत मुंबईत घडलेली गोष्ट जयपूरने अभ्यासण्यासारखी आहे. तेथे मनोरंजनासाठीची अनिवार्य मोकळी जागा पोडियमवर दाखवण्याचा प्रघात पडला होता, आणि कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये निर्णय दिला की ही किमान जागा जमिनीवरच असली पाहिजे. त्यानंतर मुंबईच्या बांधकाम व्यवसायात आणि नियमावलीत ‘मदर अर्थ’ हा शब्द रुळला, ज्याचा अर्थ खाली तळघर नसलेली, थेट भूगर्भाशी जोडलेली जमीन. न्यायालयाला जे सांगावे लागले ते बर्लिनच्या नगररचनाकारांनी गेल्या शतकाच्या अखेरीसच सूत्रात बसवले होते. तेथील बायोटोप क्षेत्र गुणक या पद्धतीत झाडे मोजली जात नाहीत, पृष्ठभाग मोजला जातो: डांबर किंवा काँक्रीटला शून्य गुण, फटींतून पाणी मुरू देणाऱ्या फरसबंदीला ०.३, तळघरावरच्या ८० सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीच्या मातीतील हिरवाईला ०.५, त्याहून जाड मातीला ०.७, आणि खालच्या जमिनीशी अखंड जोडलेल्या मातीला पूर्ण १. या गुणांना क्षेत्रफळाने गुणून, बेरजेला भूखंडाच्या क्षेत्रफळाने भागले की गुणक मिळतो, आणि नव्या निवासी बांधकामाला तो किमान ०.६ असावा लागतो. तळघर किती पसरवायचे याची मोकळीक विकासकाला राहते, पण मातीची किंमत त्याला हिशेबात दाखवावी लागते. झाडांची संख्या हा आकडा लागवडीच्या दिवशी भरता येतो. जमिनीचा गुणक मात्र पायाखोदाईपूर्वी, नकाशाच्या टेबलावर ठरतो, आणि म्हणून तो टाळणे कठीण असते.

पाण्याचा प्रश्न जयपुरात मातीइतकाच निकडीचा आहे. ज्या रामगढ तलावाने शहराची तहान अनेक दशके भागवली आणि १९८२ च्या आशियाई स्पर्धांतील नौकानयन जेथे झाले, तो तलाव पाणलोटातील अडथळ्यांमुळे या शतकाच्या सुरुवातीस कोरडा पडला, आणि आज शहर शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावरच्या, टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरच्या बीसलपूर धरणावर अवलंबून आहे. या शहरात नव्या संकुलाच्या जाहिरातीतला सर्वांत मोठा हिरवा आकार असतो तो लॉनचा, म्हणजे कापून राखलेल्या हिरवळीचा. बाष्पोत्सर्जन, म्हणजे मातीतून वाफ होऊन आणि पानांतून बाष्परूपाने उडून जाणारे पाणी, उन्हाळ्यात येथे एवढे असते की हिरवळ जिवंत ठेवायला चौरस मीटरला दिवसाला सहा लिटरच्या आसपास पाणी लागते. एक हजार चौरस मीटरच्या लॉनला हे सहा हजार लिटर झाले. माणशी १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे प्रचलित प्रमाण धरले तर चव्वेचाळीस माणसांचे रोजचे पाणी. संकुलातील सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी यासाठी वापरावे अशी अपेक्षा असते, आणि केंद्र नीट चालले तर ती पूर्णही होते, परंतु क्षार अधिक असलेले पाणी सतत दिल्याने माती चोपण होण्याचा धोका राहतो, आणि केंद्र बंद पडले की टँकर बोलवावा लागतो.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील टुसॉन या शहराने याबाबत जे केले ते जयपूरला लाजवणारे आहे, कारण तेथे जयपूरच्या निम्माच पाऊस पडतो. कमी पाण्याच्या बागेचा कायदा तेथे १९९१ पासून आहे, आणि २००८ साली संमत होऊन २०१० पासून लागू झालेल्या नियमानुसार नव्या व्यावसायिक इमारतींना बागेच्या पाण्याची किमान निम्मी गरज आपल्या आवारात पडलेल्या पावसातून भागवावी लागते. त्यामुळे तेथील वाहनतळांमध्ये झाडांचे वाफे जमिनीपेक्षा खाली असतात आणि पाणी उताराने त्यांच्यात येते. आपल्याकडे वाफा जमिनीपेक्षा उंच, काँक्रीटच्या कठड्यात बांधला जातो, पावसाचे पाणी त्याला वळसा घालून गटारात जाते आणि दुसऱ्या दिवशी माळी त्याच वाफ्याला नळीने पाणी घालतो. कठडा सहा इंच खाली घेण्याला कोणताही जादा खर्च नाही. राजस्थानात मोठ्या भूखंडांना पाऊसपाणी साठवणे बंधनकारक आहे, परंतु ते छपराचे पाणी नळाने खड्ड्यात सोडण्यापुरते समजले जाते आणि झाडांशी त्याचा संबंध जोडला जात नाही. ज्यांच्या पूर्वजांनी नाहरगढच्या डोंगरउतारावर चर बांधून पावसाचा थेंब न् थेंब किल्ल्याच्या टाक्यांत उतरवला, त्यांच्या शहरात हा संबंध तुटलेला असावा याची खंत वाटते.

झाडांच्या जातींविषयी ‘देशी जातींना प्राधान्य’ हे तीन शब्द अपुरे आहेत, कारण देश मोठा आहे. मलबारातले झाडही देशी आणि मारवाडातलेही देशी. जयपूरभोवतीच्या अरवलीच्या टेकड्यांवर जे मूळचे वन आहे ते शुष्क पानझडी आणि काटेरी असे मिश्र आहे: आपल्या धावड्याचा भाऊबंद असलेला धोक, खडकावर तग धरणारी सालई, कुमठा, खैर, रोंझ म्हणजे आपला हिवर, हिंगोट म्हणजे हिंगणबेट, पिलू, गुग्गुळ, भोकर, वसंतात केशरी-पिवळ्या फुलांनी भरणारा रोहिडा, आणि खेजडी. खेजडी म्हणजे दसऱ्याला महाराष्ट्रात जिची पूजा होते ती शमी. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० साली, जयपूरच्या पायाभरणीनंतर अवघ्या तीन वर्षांनी, राजाच्या माणसांनी खेजड्या तोडू नयेत म्हणून अमृतादेवींसह ३६३ बिष्णोई स्त्रीपुरुषांनी प्राण दिले, अशी त्या समाजाची स्मृती आहे, आणि आज खेजडी हा राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. तिचे सोटमूळ अत्यंत खोल जाते, भर उन्हाळ्यात पाऊस येण्यापूर्वीच तिला नवी पालवी फुटते, आणि तिच्या सांगऱ्यांची, म्हणजे शेंगांची, भाजी घरोघरी होते. असे झाड नव्या संकुलांच्या आवारात मात्र क्वचितच दिसते, कारण ते रोपवाटिकेत सावकाश वाढते, पहिली काही वर्षे काटेरी झुडपासारखे असते आणि सदनिका दाखवायच्या दिवशी ते झाड शोभून दिसत नाही.

त्याऐवजी जे येते ते बहुधा दूरवरून, आंध्रातल्या कडियमसारख्या रोपवाटिकांच्या गावांतून मालमोटारीने आलेले, गोणपाटात मुळे बांधलेले, बारा-पंधरा फुटी तयार झाड असते, ज्याच्या मुळांचा मोठा भाग उपटताना तुटलेला असतो. कोनोकार्पससारखी झपाट्याने वाढणारी परदेशी झाडे कुंपणासाठी लावली जातात. परागकणांचा त्रास आणि नळ-गटारांत शिरणारी मुळे या तक्रारींवरून गुजरातच्या वनविभागाने २०२३ साली कोनोकार्पसच्या लागवडीवर बंदी घातली. परदेशी झाडाचा जुना धडा तर राजस्थानला चांगलाच पाठ असायला हवा. महाराष्ट्रात वेडी बाभूळ आणि राजस्थानात विलायती बबूल म्हणून ओळखले जाणारे झाड वाळवंट हिरवे करण्यासाठी १९३० च्या दशकात जोधपूर संस्थानात विमानातून बी टाकून पसरवले गेले, आणि आज ते काढता काढता पुरेवाट होते.

काढण्याचे ते काम कसे करावे आणि त्यानंतर काय लावावे याचे उत्तर जयपुरातच उपलब्ध आहे, हे विशेष. नाहरगढच्या पायथ्याशी, विद्याधर नगरला लागून, वाऱ्याने आणलेल्या वाळूच्या टेकड्या आणि उघडे खडक असलेली सुमारे ६४ हेक्टर जागा जयपूर विकास प्राधिकरणाने किशन बाग म्हणून विकसित केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. तिची रचना ‘ट्रीज ऑफ दिल्ली’ या ग्रंथाचे लेखक प्रदीप कृष्ण यांची आहे, ज्यांनी त्याआधी २००६ पासून जोधपुरात मेहरानगडाच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क उभे केले; तेथे खडकात रुतलेली वेड्या बाभळीची मुळे छिन्नी-हातोड्याने काढण्यासाठी पिढीजात दगडफोडीचे काम करणारे खंडवालिये बोलवावे लागले होते. किशन बागेत वाळूवर खींप, फोग, बुई ही झुडपे आणि सेवणसारखी गवते आहेत, खडकाळ भागात खेजडी, कुमठा, रोंझ, धोक आहेत. उन्हाळ्यात हे सगळे काहीसे करडे, पिवळट दिसते, आणि पाऊस पडला की आठवड्याभरात रंग पालटतो. जे प्राधिकरण नव्या वसाहतींचे नकाशे मंजूर करते त्याच प्राधिकरणाच्या मालकीची ही जिवंत प्रयोगशाळा आहे. तरीही तेथे सिद्ध झालेली वनस्पतींची यादी, खडक, वाळू आणि गाळ अशा जमिनीच्या प्रकारानुसार विभागून, मंजुरीच्या अटींना जोडणे हे साधे पाऊल अद्याप बाकी आहे. याउलट मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नावाने ओळखली जाणारी, चौरस मीटरला तीन ते पाच रोपे दाटीने लावण्याची पद्धत सर्रास स्वीकारली जाते, ज्यामुळे थोड्या जागेत मोठी संख्या दाखवता येते. विरळ झाडे आणि मध्ये गवत ही जेथील निसर्गाची रीत, तेथे दाट वनाचा आग्रह धरणे म्हणजे त्या वनाला कायमचे नळाच्या पाण्यावर बांधून ठेवणे होय.

माती, पाणी आणि जात यांच्यानंतर उरतो तो काळ, आणि येथे कायद्याची पकड सर्वांत सैल आहे. लावलेले रोप जगले असे म्हणायला जयपुरात किमान तीन उन्हाळे जावे लागतात. भोगवट्याचा दाखला मात्र इमारत पूर्ण झाल्यावर मिळतो, आणि तो ज्या महिन्यात हवा असतो त्या महिन्यात, मग तो एप्रिल का असेना, खड्डे भरले जातात. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला सर्वजण रेरा म्हणतात, उद्याने आणि क्रीडांगणे यांना सामाईक क्षेत्राचा दर्जा दिला आणि बांधकामातील व कारागिरीतील दोषांसाठी ताब्यापासून पाच वर्षे विकासकाला जबाबदार धरले. भिंतीला भेग गेली तर रहिवासी या कलमाचा आधार घेतात. वाळलेल्या झाडासाठी तो घेता येतो असे त्यांना सुचतही नाही, कारण झाड म्हणजे दोष येऊ शकणारी वस्तू आहे असे कायद्यात स्पष्ट शब्दांत म्हटलेले नाही. २०२५ मध्ये अमलात आलेल्या राजस्थानच्या नव्या टाउनशिप धोरणाने निवासी योजनांत सात टक्के जागा उद्याने व क्रीडांगणांसाठी ठेवली असून पाच वर्षे किंवा रहिवासी संघाकडे हस्तांतर होईपर्यंत देखभालीची जबाबदारी विकासकावर टाकली आहे, आणि त्यासाठी काही भूखंड तारण ठेवण्याची तरतूद केली आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण तारण सोडवण्यापूर्वी झाडांची जिवंत संख्या आणि सावलीचे क्षेत्र तपासले जाणार नसेल तर ती देखभाल गवत कापण्यापुरतीच राहील.

तोडल्या जाणाऱ्या झाडाच्या बदल्यात तीन रोपांचा नियम याच काळाच्या हिशेबात सर्वांत लंगडा पडतो. सी-स्कीममधल्या जुन्या बंगल्याच्या जागी इमारत येते तेव्हा साठ वर्षांच्या कडुनिंबाच्या बदल्यात लावलेल्या तीन रोपांची मिळून सावली एका छत्रीएवढीही नसते. महाराष्ट्राने १९७५ च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती करून पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष ठरवले, आणि तोडलेल्या झाडाचे वय जितकी वर्षे तितकी नवी झाडे लावण्याचे तत्त्व आणले. अंमलबजावणीत त्याच्याही अडचणी आहेत, पण झाडाचे वय हे मूल्य आहे हे कायद्याने मान्य केले, ही गोष्ट मोठी आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये गुलाब कोठारी प्रकरणात बृहत् आराखड्यांतील उद्याने, मोकळ्या जागा आणि पर्यावरणीय पट्टे यांना हात लावू नये असे बजावले होते. तेच संरक्षण खाजगी भूखंडावरच्या जुन्या झाडालाही मिळायला हवे, आणि त्यासाठी आराखडा काढण्यापूर्वी भूखंडावरचे प्रत्येक झाड त्याच्या मुळांच्या घेरासह नकाशात दाखवून इमारतीने त्याला वळसा घालावा, असा नियम करणे अशक्य नाही. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतील दहाव्या भागात भूदृश्यरचनेचा स्वतंत्र विभाग आहे. झाडे, माती आणि पाणी यांचे तांत्रिक मार्गदर्शन तेथे मिळते, पण संहिता ही शिफारस असते आणि स्थानिक उपविधीत उतरल्याशिवाय तिला बळ येत नाही.

उपविधी बदलायला वेळ लागेल, घर मात्र लोक आजच विकत घेत आहेत. तेव्हा जयपुरात असो वा पुण्या-नागपुरात, नव्या संकुलात घर पाहायला जाणाऱ्या वाचकाने नमुना सदनिकेतून बाहेर आल्यावर विकासकाकडे भूदृश्याचा मंजूर नकाशा मागावा, तळघराची हद्द त्यावर आखून घ्यावी, तिच्याबाहेर खरी जमीन किती चौरस मीटर उरते ते लिहून घ्यावे, झाडांची यादी जातींच्या नावांनिशी करारनाम्याला जोडायला सांगावी, आणि तीन उन्हाळ्यांनंतर जी झाडे जगली नसतील ती विकासकाने बदलून द्यावीत हे वाक्य त्या करारात घालून घ्यावे.